दीड चिलीम

अक्षराला बारा रुपये. काना-मात्रा त्यातच.
रोशन आर्ट्स, परतवाडा :
पाट्या, नंबरप्लेटा, निवडणुकीच्या भिंती.

मार्चात वनखात्याचं काम आलं.
शिखराचा फलक, तीन बाय दोन, हिरव्यावर पिवळं.
चिठ्ठीवर नाव होतं दीड चिलीम.
साहेबांनी ते माझ्यासमोर खोडलं.
सरकारी पाटीवर तंबाखू कशी चालेल?
वर लिहिलं : सूर्योदय पॉइंट.
मी मनात मोजलं, पाचाची सात झाली.
मला काय, चोवीस रुपये वाढले.

पत्रा डोक्यावर घेऊन भुरा बेलसरे पुढं,
मागं मी, डबे, ब्रश, रॉकेलची बाटली.
सालईची साल कागदासारखी सुटलेली,
रोशा गवत पायाला घासलं की पोटरीपर्यंत वास.
मोह टपटपत होता, वेचायला अजून कोणी आलं नव्हतं.
दम लागला तसं विचारलं, किती राहिलं?
"अर्धी," म्हणाला.
अर्धा तास की अर्धा कोस, ते नाही सांगितलं.

वर एक सपाट दगड, दोघं टेकतील एवढा.
पूर्वेला याहून उंच धार, आडव्या भिंतीसारखी.
"इथं सूर्य निघतो कुठून?"
"निंगतच नाही न बाप्पा.
नऊ वाजता तिकडून उडी मारते.
बुडताना दिसते पण. बुडताना लय दिसते."

मी 'सू' काढायला घेतला.

भुरा डबा धरून बसला आणि कोणी न विचारता सांगू लागला.
त्याचा आजा चिंधू डाक नेई,
काठीला घुंगरू, घुंगरानं अस्वल बाजूला होई.
एक चिलीम पायथ्याशी, एकट्याची.
दुसरी इथं, या दगडावर :
निमाडाकडून मुसा हलकारा चढून येई,
थैल्यांची अदलाबदल, मग एका चिलमीत दोघं.
आज्याच्या वाट्याला अर्धी,
मुसाच्या वाट्याला अर्धी.
बोलणं फारसं नसे. एकाला कोरकू, दुसऱ्याला निमाडी,
धुराला दोन्ही येत असाव्यात.

एकदा मुसा आला नाही.
आज्यानं आपली अर्धी ओढली,
उरलेली तळहातानं झाकून धरली.
विस्तव विझला. थैली तशीच घेऊन उतरला.
वाघ म्हणतात, ताप म्हणतात,
कोणी म्हणे दुसरी बायको करून हुशंगाबादेत गेला.
"कोनाले ठावं."

पुढं सडक झाली, डाक मोटारीनं जाऊ लागली,
आज्याची काठी सरकारनं जमा करून घेतली.
तो चढतच राहिला.
गावात कोणी विचारलं, चिंधू कुठंय,
तर आजी चुलीपासून न हलता म्हणे :
"गेला असन दीड चिलमीले."
तिच्या तोंडून पोरांच्या, पोरांकडून गुराख्यांच्या,
मग पटवाऱ्याच्या, मग नकाशावाल्याच्या.
आणि मी समजत होतो, अंतर असेल. चढायला लागणारा वेळ.

'ट' संपला. पाटी बरी उतरली, खोटं कशाला बोलू,
'र्यो' तर फार देखणा आला.
डब्यात तळाला पिवळा उरला होता.
पाटी फिरवून मागच्या लाल ऑक्साइडवर
मी 'दीड' लिहिलं,
आणि रंग सरला.
ही दोन बिलात धरली नाहीत.

उन्हं धारेच्या अलीकडे कलली.
मी बिडी पेटवली, निम्मी ओढली,
काय वाटलं कुणास ठाऊक,
विझवून दगडावर ठेवली, निमाडाच्या बाजूला.
भुरानं बघितलं.
उचलली, फुंकर मारून राख उडवली,
कानावर खोचली.
"थो आता काई येत नाही," म्हणाला,
"वाया काहून घालवतं?"

आणि पत्र्याविना हलका झालेला तो
उतारावर माझ्यापुढं
कितीतरी भरभर निघाला.